गुंड्या मुद्दाम करत नाहीये, पण त्या डांबरगोळ्या आजच उचला

ताई, तुमचं म्हणणं मला जसं कळलं तसं आधी मांडतो, काही चुकलं असेल तर सांगा. बोका साडेतीन वर्षांचा, नाव गुंड्या, नसबंदी झालेली. पाथर्डी फाट्याहून इंदिरानगरच्या नवीन फ्लॅटमध्ये येऊन सव्वा महिना झाला. गेले तीन आठवडे शी वाळूच्या बॉक्समध्येच करतो पण सू मात्र गादीवर, सोफ्यावर आणि एकदा थेट सासूबाईंच्या गोधडीवर. बॉक्स ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनला लागून ठेवलाय, नवीन घरात वास नको म्हणून लव्हेंडरवाली वाळू आणलीत, फरशी रोज फिनाइलने पुसताय आणि सोफ्याच्या कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकल्यात. मिस्टर म्हणतात घर बदलल्याचा राग काढतोय, सासूबाई म्हणतात पोत्यात घाला आणि गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, सोडून या. तुमचा प्रश्न असा की हा मुद्दाम करतोय का, आणि ही सवय मोडायची कशी.

मी २२ वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे, सुरुवात निफाडकडे गाई-म्हशींपासून झाली आणि आता नाशकात निम्मे पेशंट मांजरंच असतात, त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार हीच. मुद्दाम वगैरे काही नसतं. मांजराला तुमच्या गादीची किंमत माहीत नाही आणि तुम्हाला धडा शिकवायचा असा विचार त्याच्या डोक्यात येत नाही. त्याला कुठेतरी दुखतंय, नाहीतर बॉक्स पटत नाहीये, नाहीतर तो घाबरलाय. या तिन्ही गोष्टी याच क्रमाने तपासायच्या, उलट्या क्रमाने गेलात तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया आणि मधल्या मध्ये मांजराचे हाल.

पण त्याआधी डांबरगोळ्या. आजच्या आज उचला, हातमोजे घालून किंवा कागदात धरून. मांजराच्या रक्तातल्या लाल पेशींची वाट लावते ती गोष्ट, लिव्हरलाही मारते, चाटायचीच गरज आहे असं नाही, बंद खोलीत नुसती वाफ पण नको. फिनाइलचंही तसंच. मांजराच्या लिव्हरमध्ये फिनॉलसारखी रसायनं पचवून बाहेर टाकायची यंत्रणा फारच कमजोर असते, ते ओल्या फरशीवरून चालतं आणि मग बसून पंजे चाटतं, म्हणजे थोडं थोडं फिनाइल रोज पोटात. सोपी खूण सांगतो, जे लिक्विड पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होतं ते मांजराच्या घरात वापरायचं नाही, मग ते फिनाइल असो की जखम धुवायचं अँटिसेप्टिक. साधं साबणाचं पाणी चालतं. आणि हो, कुणी सांगितलं की बोक्याला ताप वाटतोय, अर्धी पॅरासिटामॉल द्या, तर अजिबात नाही, एका गोळीत मांजर जातं.

आता दुखण्याकडे येतो. गुंड्या बोका आहे म्हणून मला पहिली भीती लघवी तुंबण्याची असते. बोक्याची मूत्रनळी शेवटाला फार बारीक होत जाते, त्यात खडे, खर किंवा नुसता चिकट गाळ अडकला की लघवी बंद. बंद झाली की रक्तात पोटॅशियम चढतं, हृदयावर येतं आणि २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून आज घरी पहिलं काम हे की तो सू करताना बघा. धार येतेय का? किती वेळ बसतो? बॉक्समध्ये पाच-पाच मिनिटं बसून थेंबभरच येतंय, ओरडतोय, परत परत जागा बदलून बसतोय, मागचा भाग सारखा चाटतोय, उलटी, खाणं बंद, यातलं काही दिसलं तर पुढचं वाचू नका, त्याला बॅगेत घाला आणि दवाखान्यात निघा, रात्रीचे दोन वाजले असतील तरी. पोट दाबून बघू नका, फुगलेली लघवीची पिशवी फुटू शकते.

एक केस सांगतो, अजून डोक्यातून जात नाही. सातपूरकडची फॅमिली, पाच वर्षांचा दणदणीत बोका, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणला. बॉक्समध्ये बसून जोर करतो म्हणून घरच्यांना वाटलं शी अडकलीय, तर दोन दिवस एरंडेल पाजत होते. तसं वाटणं साहजिक आहे, बसण्याची पद्धत लांबून सारखीच दिसते. हाताला पोटात मोसंबीएवढा टणक गोळा लागला. कॅथेटर घातला, सलाईन लावलं, सगळं केलं, पण हृदयाने आधीच हात टेकले होते. तो पहिल्या दिवशी आला असता तर बहुतेक चौथ्या दिवशी घरी गेला असता. तेव्हापासून मी बोकेवाल्यांना पहिल्या भेटीतच सांगतो, जोर करताना दिसला तर आधी लघवी समजा, शी नंतर.

तुमच्या वर्णनावरून गुंड्या गादीवर बऱ्यापैकी मोठं तळं करतोय, म्हणजे तुंबलेलं नाही असं दिसतंय, पण लघवीची तपासणी कराच. लघवी आणि सोनोग्राफी एवढं पुरतं सुरुवातीला. लघवी शक्यतो दवाखान्यातच सुईने काढलेली बरी आणि ताजी तपासलेली बरी, कारण फ्रिजमध्ये ठेवून आणलेल्या लघवीत गार झाल्यामुळेच क्रिस्टल तयार होतात आणि मग नसलेल्या खड्यांवर महागडं फूड सुरू होतं. खडे खरंच निघाले तर कुठल्या जातीचे ते बघावं लागतं, स्ट्रुव्हाइट असतील तर खास फूडने विरघळतात, ऑक्झलेट विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात.

मात्र या वयाच्या मांजरात बहुतेक वेळा खडेही नसतात आणि इन्फेक्शनही नसतं. लघवीच्या पिशवीला आतून सूज येते, दुखतं, कधी रक्त येतं, आणि कारण शोधायला गेलं तर सापडतो ताण. घर बदललं, पाहुणे आले, बाळ आलं, दुसरं मांजर आलं. याला आम्ही इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतो. त्याची गंमत अशी की बहुतेकदा ते आठवड्याभरात आपोआप शांत होतं, तुम्ही अँटिबायोटिक द्या, अंगारा लावा किंवा काहीच करू नका. त्यामुळे ज्याने जे दिलं त्याला वाटतं आपल्याच औषधाने बरं झालं. आमच्या धंद्यातही हे चालतं, खोटं कशाला बोलू, मीही सुरुवातीची काही वर्षं प्रत्येकाला अँटिबायोटिकच देत होतो. तरुण मांजरात लघवीचं बॅक्टेरियल इन्फेक्शन कमी असतं, म्हातारपणी, दहाच्या पुढे, ते वाढतं. दुखणं कमी करायचं औषध मात्र डॉक्टरांकडून नक्की घ्या, कारण एकदा बॉक्समध्ये बसल्यावर दुखलं की मांजराच्या डोक्यात "बॉक्स म्हणजे दुखणं" असं बसतं आणि मग ते मऊ जागा शोधतं. गादी, गोधडी, सोफा, कपड्यांचा ढीग. तुमच्या तिन्ही जागा मऊ आहेत बघा.

शी बॉक्समध्ये आणि सू बाहेर, हेही बोलकं आहे. बॉक्सचा पूर्ण तिटकारा असता तर दोन्ही बाहेर आलं असतं. त्यामुळे माझा अंदाज असा की आधी शिफ्टिंगच्या ताणाने पिशवीला त्रास झाला आणि त्यात बॉक्सची जागा, वाळू सगळं बदललं, दोन्ही एकत्र आलं. काही मांजरांना सूला एक आणि शीला दुसरा बॉक्स लागतो हेही आहे, एकच मांजर असलं तरी.

हा फवारा मारण्याचा प्रकार नाही ना, एवढं एकदा खात्रीने बघा. फवारा मारताना मांजर उभं राहतं, शेपूट वर आणि टोकाला थरथरते, भिंतीवर किंवा पडद्यावर मागे थोडंसं उडवतं. ती सू नसते, चिठ्ठी असते, इथे मी राहतो म्हणून. बसून सपाट जागेवर मोठं तळं केलं तर ती सू. नसबंदीने दहातल्या साधारण नऊ बोक्यांचा फवारा थांबतो किंवा खूप कमी होतो, उरलेला एखादा तरीही मारतो, बहुतेक वेळा खिडकीबाहेर दुसरा बोका दिसतो म्हणून. तुमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे म्हणालात, पार्किंगमध्ये गावठी बोके असणारच, तर खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला दूधकाच फिल्म लावा.

आता बॉक्स. इथे थोडा वेळ घेतो कारण अर्ध्याहून जास्त घरांत गोम इथेच असते.

मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिकन रानमांजर, पश्चिम आशियातल्या वाळवंटी भागातलं जनावर, त्याला बारीक, सैल, कोरडी माती उकरायची, करायचं आणि झाकायचं एवढं कळतं. आपल्याकडे कुठे बांधकाम सुरू झालं आणि वाळूचा ढीग पडला की दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी मांजरं तिथे हजर, गवंडी शिव्या घालत असतो. त्यांना कुणी ट्रेनिंग दिलेलं नसतं. लव्हेंडर तुमच्या नाकासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. त्याचं नाक तुमच्यापेक्षा कितीतरी पटीने तिखट, त्याला त्या बंद डबीत शिरणं म्हणजे आपल्याला अत्तराच्या पिंपात उतरून बसायला सांगण्यासारखं. तर वास नसलेली, बारीक दाण्याची, गोळा होणारी बेंटोनाइट वाळू आणा. कच्छच्या मातीची असते बरीचशी, दुकानात मिळते, किलोला सगळ्यात स्वस्त नसली तरी उकरायला मांजरांना साधारण तीच आवडते. थर ५ ते ७ सेंटिमीटर. बांधकामाची वाळू फुकट म्हणून वापरू नका, ती गोळा होत नाही, सू तळाशी झिरपते आणि चार दिवसांत बॉक्सचं प्लास्टिकच वास धरतं. लाकडी पेलेट, टोफू वगैरे ज्यांच्या मांजराला चालतात त्यांना चालू द्या, तुमचं आत्ता बिनसलंय म्हणून प्रयोग नको.

साइज. दुकानात जे ट्रे मिळतात ते बहुतेक पिल्लाच्या मापाचे. नियम असा की नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजर जेवढं लांब त्याच्या दीडपट बॉक्स, म्हणजे मोठ्या बोक्याला ६०-७० सेंटिमीटर सहज. पलंगाखाली कपडे ठेवायचा प्लास्टिकचा लांब डबा आणा, झाकण फेकून द्या, एका बाजूला गरम सुरीने पुढची भिंत अर्धी कापा, कडा पॉलिश पेपरने घासा. झालं. आडगावच्या एका द्राक्षवाल्या शेतकऱ्याने माझं ऐकून मोठा बॉक्स म्हणून थेट प्लास्टिकचा क्रेट वापरला होता, जाळीतून सगळी वाळू हॉलभर, बायकोने मला फोन करून झापलं. तर भोकं नसलेला डबा, हे आता सांगून ठेवतो. आणि छप्परवाला, दरवाजावाला बॉक्स नकोच, आत वास कोंडतो आणि आत असताना बाहेर कोण आलं ते दिसत नाही.

किती बॉक्स? मांजरं जितकी त्यापेक्षा एक जास्त. तुमचं एक, म्हणून दोन, आणि दोन्ही शेजारी शेजारी नाही, ते मांजराच्या हिशोबात एकच धरलं जातं. ड्राय बाल्कनीतला बॉक्स आज काढा. तो आत उकरतोय आणि बाजूला मशीन स्पिनला लागतं, जमीन हादरते, एवढं एकदा झालं तरी पुरतं, मग तो तिकडे फिरकणार नाही. शिवाय पावसाळ्यात तिथे पाणी येतं, वाळूचा चिखल. एक बॉक्स बेडरूमच्या शांत कोपऱ्यात आणि दुसरा हॉलमध्ये, जिथून पळायला दोन वाटा आहेत अशा ठिकाणी, पाणी-खाण्याच्या वाट्यांपासून लांब. हॉलमध्ये पाहुण्यांसमोर बॉक्स बरा दिसत नाही हे मान्य, पण सोफ्यावरची सू पण बरी दिसत नाही. जम बसला की मग रोज वीतभर सरकवत तुम्हाला हवा तिथे न्या.

साफसफाई दिवसातून दोनदा, चाळणीने गोळे काढायचे, सकाळच्या चहाआधी आणि रात्री भांडी झाल्यावर. दोन-तीन आठवड्यांनी सगळी वाळू बदलून बॉक्स साध्या साबणाने धुवायचा. गोळे संडासात टाकू नका, बेंटोनाइट पाण्यात फुगतो आणि पाइप चोंदतो, मग सोसायटीची मीटिंग तुमच्यावरच. कागदात गुंडाळून घंटागाडीला.

वाळू कुठली पटतेय यात शंका असेल तर दोन्ही बॉक्समध्ये वेगवेगळं ठेवून त्यालाच विचारा. एकात बारीक बेंटोनाइट, दुसऱ्यात आठवडाभर नुसता जुना टॉवेल घडी करून. टॉवेलवर करायला लागला तर रागावू नका, उलट उत्तर मिळालं. मग रोज टॉवेलवर मूठभर वाळू टाकायची, वाढवत जायची, पंधरा दिवसांत टॉवेल काढून घ्यायचा. याच्या उलट काही मांजरांना मोरीच लागते, जाळीजवळ बसून करतात, त्यांना गुळगुळीत जमीन आवडते, त्यांच्या बॉक्समध्ये अगदी पातळ थर ठेवून बघावा. बऱ्याच घरांत मोरीत करतंय म्हणजे शहाणं आहे म्हणून कौतुक होतं, माझी त्याला हरकत नाही, फक्त सू किती आणि कशी होतेय हे वाहून जातं आणि दुखणं उशिरा कळतं.

धुणं. इथेही लोक मेहनत खूप करतात आणि फुकट जाते. मांजराच्या सूमध्ये युरिक अ‍ॅसिड असतं, ते पाण्यात नीट विरघळत नाही, सुकून धाग्यात बसतं आणि हवेत दमटपणा आला की पुन्हा वास सोडतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये वाटतं गेला वास आणि जूनचा पहिला पाऊस पडला की सोफा बोलायला लागतो. आपल्याला गेला वाटला तरी त्याला येतच असतो, आणि त्याच्यासाठी तो वास म्हणजे "संडास इकडे" अशी पाटी. यावर एन्झाइम क्लीनरच लागतो, पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन मिळतो. आधी जुन्या सुती कपड्याने दाबून टिपून घ्यायचं, घासायचं नाही, मग क्लीनर इतका ओतायचा की सू जितकी आत गेली तितका आत जाईल, आणि ओलं राहू द्यायचं, तासन् तास, आपोआप सुकेपर्यंत. वरवर फवारून लगेच पुसलं तर काही उपयोग नाही. गरम पाणी नको. ब्लीच नको, सूमधल्या अमोनियाबरोबर त्याचा विषारी धूर होतो. चादरी-गोधड्या धुवायला ज्या पावडरच्या पाकिटावर एन्झाइम लिहिलंय ती घ्या. व्हिनेगरचा सल्ला सगळीकडे मिळेल, टाइल्सवर पातळ करून ठीक आहे, पण कडाप्पा, शहाबादी आणि संगमरवरावर टाकू नका, अ‍ॅसिड दगड खातं, पांढरे डाग पडतात ते जन्मभराचे. कुठे कुठे केलंय कळत नसेल तर दुकानदार नोटा तपासतात तो निळा टॉर्च आणा, रात्री दिवे बंद करून फिरवा, सुकलेली सू चमकते. बघून धक्का बसेल, पण बरं असतं कळलेलं.

कापसाच्या गादीचं खरं सांगू का, एकदा मधोमध खोलवर मुरलं की ती हातची गेली. पिंजून नवीन खोळ घातली तरी त्याला कळतं. फोमची असेल तर एन्झाइम मुरवून उन्हात उभी करा. आणि पुढचा महिना गादीवर बाळंतिणीच्या बिछान्यावर घालतो तसं मेणकापड चादरीखाली घाला. सोफ्याची जागा धुऊन पूर्ण सुकली की तिथे त्याची खाण्याची वाटी ठेवा, खातो तिथे सहसा करत नाही.

आता घाबरण्याकडे, कारण सव्वा महिना झाला म्हणजे रुळला असं तुम्हाला वाटतंय, त्याला नाही. तुम्ही घर बदललं, त्याचं सगळं जग बदललं, एकाही कोपऱ्याला त्याचा स्वतःचा वास नाही. त्यात रोज फिनाइल, म्हणजे जेवढा वास तो दिवसभर गाल घासून लावतो तेवढा तुम्ही सकाळी पुसून टाकता. माझा सल्ला, दहा-बारा दिवस त्याला एका खोलीत ठेवा. शिक्षा म्हणून नाही, छोटं जग करून द्यायचं म्हणून. त्यात एक बॉक्स, लांब कोपऱ्यात पाणी आणि खाणं, शिफ्टिंगचा एक पुठ्ठ्याचा खोका आडवा करून लपायला, जुन्या घरची न धुतलेली चादर असेल तर ती. पलंग असेल तर वर मेणकापड. तुम्ही जाऊन बसा, मोबाइल बघत बसलात तरी चालेल, त्याच्याशी खेळा. मऊ रुमाल त्याच्या गालांवर हळूच फिरवा आणि तोच रुमाल हॉलमधल्या फर्निचरला त्याच्या उंचीवर घासा. सलग आठवडाभर सगळं बॉक्समध्ये झालं की दार उघडा, आधी तुम्ही घरी असताना, मग कायमचं. मध्ये कुठे चूक झाली तर ओरडायचं नाही, तोंड घासायचं तर नाहीच नाही. त्याने तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर करायचं नाही, मग कपाटामागे करतो.

आमच्या घरचीच गोष्ट आहे, सांगायला लाज वाटते. आमची मनी, सहा वर्षांची, एकदा सलग आठ दिवस माझ्या दवाखान्याच्या बॅगेवर करत होती. फक्त बॅगेवर, बाकी सगळं बॉक्समध्ये. मी डॉक्टर, मी तिला रागावत होतो, बायकोला म्हणत होतो हिला मी रात्री उशिरा येतो त्याचा राग आहे. म्हणजे तुमचे मिस्टर म्हणतात तेच. नवव्या दिवशी बायकोने बॅग उचलून नाकाला लावली आणि म्हणाली, अहो याला बोक्याचा वास येतोय. खरंच, त्या आठवड्यात एक नसबंदी न झालेला दांडगा बोका ड्रेसिंगला रोज येत होता आणि मी बॅग त्याच्याच टेबलाखाली ठेवत होतो. बॅग धुतली, दवाखान्यातच ठेवायला लागलो, प्रकरण संपलं.

नाशकात अजून एक गोष्ट धरून चाला, ढोल. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना पथकांची प्रॅक्टिस सुरू होते आणि माझ्याकडे सू-वाल्या केसेस वाढतात, दिवाळीच्या फटाक्यात पुन्हा. आपल्याला अभिमान आहे नाशिक ढोलचा, मलाही आहे, पण पलंगाखाली बसलेल्या मांजराला छाती दणाणल्यावर तिथून उठून हॉल ओलांडून बॉक्सपर्यंत जायचा धीर होत नाही. तुमच्याजवळ मैदान असेल तर त्या दिवसांत आतल्या खोलीत एक बॉक्स जास्तीचा ठेवा, संध्याकाळी पंखा आणि टीव्ही चालू. फेरोमोनचा डिफ्युझर मिळतो, मांजर गाल घासून लावतं त्या ओळखीच्या वासाची नक्कल हवेत सोडतो, प्लगला लावायचा, काहींना फरक पडतो काहींना नाही, परवडत असेल तर महिनाभर लावून बघा.

खाण्यापिण्याचं. तुम्ही फक्त ड्राय फूड देता असं लिहिलंय. त्यात पाणी साधारण १० टक्के, पाऊचमध्ये ७५-८० टक्के. मांजर तहान लागली म्हणून भरपूर पाणी पिणारं जनावर नाही, लघवी घट्ट करून भागवणारं आहे, आणि घट्ट लघवीत पिशवी जास्त चिडते, खडे जास्त होतात. तर निदान एक वेळ पाऊच द्या, किंवा उकडलेल्या चिकनचं बिनमिठाचं, बिनकांदा-लसणाचं पाणी ड्राय फूडवर ओता. पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी, रुंद तोंडाच्या. दुधाचा यात उपयोग नाही, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि मग शीचंही सुरू.

बाकीचं पटकन. मांजर दहाच्या पुढचं असेल आणि सू अचानक वाढली, पाणी फार प्यायला लागलं, तर किडनी, शुगर, थायरॉइड बघायचं, आणि गुडघे-कंबर दुखत असेल तर बॉक्सची कड अगदी कमी करायची. पर्शियन असेल तर मागचे केस कापून ठेवा, शी चिकटली की ते बॉक्सलाच दोष देतं. कुंडीत करत असेल तर मातीवर मोठे गोटे, तुळशीच्या कुंडीवर आधी. दोन-तीन मांजरांत कोण करतंय कळत नसेल तर जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावा, बहुतेक वेळा आपला संशय चुकीच्या मांजरावर असतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिने बॉक्स साफ करायचा नाही, दुसऱ्याने रोज करायचा. टोक्सोप्लाझ्मा हा मांजराच्या शीतून पसरणारा परजीवी, पोटातल्या बाळाला धोक्याचा, त्याची अंडी बाहेर पडल्यावर लागण करण्यालायक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, रोज काढलं तर ती संधीच मिळत नाही, त्यासाठी मांजर घालवावं लागत नाही.

आणि सासूबाईंचं. गंगेवर सोडायचं मनातून काढा म्हणावं, पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि घरात वाढलेला बोका तिथल्या कुत्र्यांसमोर दोन दिवस टिकायचा नाही. पण त्यांची गोधडी गेलीय, त्या चिडणारच, आधी त्यांची माफी मागा आणि गोधडी स्वतः धुवा. मग त्यांना एक काम द्या. अशा घरांत दुधाचा हिशोब कालनिर्णयावर लिहिणारी बाई सगळ्यात पक्की असते. रोज बॉक्समधून सूचे किती गोळे निघाले आणि केवढे, तेवढं त्याच चौकोनात लिहायला सांगा. दिवसाला दोन ते चार गोळे, रोज साधारण सारख्या मापाचे, म्हणजे बरं चाललंय. सात-आठ निघाले आणि सुपारीएवढे, तर दुखतंय. एकही नाही, तर लगेच निघायचं, त्याच वेळी.

एवढं करून महिन्याने निम्मासुद्धा फरक नाही पडला तर ताणावरची औषधं आहेत, ती डॉक्टरने तपासून द्यायची, काही आठवडे चालवायची, मध्येच बंद करायची नाहीत. पण ते पुढचं. आधी लघवीची तपासणी. येताना बॉक्सचा आणि तो जिथे ठेवला होता तिथला फोटो आणा, वाळूच्या पाकिटाचा पण, आणि कालनिर्णयाचं ते पान.